पळतं पोरगं आणि कुंदाचा उजवा हात

१० नोव्हें., सोम.

सोमवार असून गर्दी बेताचीच. शटर मी वर केलं, बांगड्यांचे खोके मी काढले, धूळ मी झटकली. कुंदा खुर्चीत बसून सूचना देत होती. दसऱ्यानंतर लकवा झाला, तेव्हापासून हे असंच. पाय सुटला, बोलणं सुटलं (ते जरा जास्तच सुटलं), उजवा हात तेवढा राहिला.

परभणीकडच्या चार बाया नागनाथाचं दर्शन करून आल्या. एकीनं हिरव्या काचेच्या बांगड्या निवडल्या आणि सवयीनं हात पुढं केला. समोर मी दिसलो तसा मागं घेतला. "काकू न्हाईत का भरायला?" कुंदा मागूनच म्हणाली, "हाय की मी. हात सुट्टीवर हाय." बाया हसल्या. काच ठेवून दिली, घरी जाऊन स्वतःच घालता येतील अशा मेटलच्या घेऊन गेल्या.



१२ नोव्हें., बुध.

हिंगोलीला फिजिओवाल्या बाईंकडं. पोरसवदा आहेत, पण आवाजात जरब. कुं.ला स्पंजचा चेंडू दाबायला दिला, मग ताटलीतल्या चवळ्या चिमटीनं उचलून वाटीत टाकायला लावल्या. एका यंत्राची मूठ आवळायला सांगितली, त्याला काटा आहे. काटा जागचा हलला नाही.

परतीच्या बसमधे कुं. : "चवळ्या निवडायला हिंगोलीला कशाला यावं लागतं म्हन्ते मी?"

घरी आल्यावर चेंडू कुठं गेला ते कळेना.

१५ नोव्हें., शनि.

चेंडू ज्वारीच्या डब्यात सापडला. परत तिथंच ठेवला.

१६ नोव्हें., रवि.

आमची लेक वर्षा नांदेडहून आली. आईच्या फोनमधे एक खेळ टाकून दिला. रस्त्यावर एक पोरगं पळतंय. आडवे पाईप, उभे ट्रक, मधेच एखादी गाय. बोटानं डावीकडं-उजवीकडं सरकवायचं, वर ओढलं की उडी, खाली ओढलं की घसरणं. वाटेत नाणी. वर्षा म्हणाली, "आई, उजव्याच हाताचं बोट लाव. चेंडू दाबत न्हाईस तर हे तरी कर."

कुं.चा पहिला प्रश्न, "हे काहून पळून राहिलं?"

"पळतंय म्हणून पळतंय गं."

"कुणाचं काही घेतलं का त्यानं?"

मी म्हणालो, तिकीट काढलं नसेल. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर दुसरं काय सुचणार.

कुं.नं बोट ठेवलं. बोट हलायच्या आत पोरगं ट्रकवर जाऊन आपटलं. तिचा चेहरा उतरला. "लागलं का गं त्याला?" वर्षा हसून लोटपोट. पण पोरगं उठून पुन्हा पळायला लागलं हे बघितल्यावर कुं. फोन सोडेना.

१९ नोव्हें., बुध.

दिवसभर घरातून आवाज: "सरक! सरक की मेल्या! अरे गाय हाय पुढं!" शेजारची सुमन, जिचं बेलफुलाचं दुकान आपल्याला लागूनच, ती धावत आली. आमचं भांडण पेटलं असं वाटलं तिला. कुं.नं तिलाही पोरगं दाखवलं.

चवळ्यांना अजून हात नाही. पण बोट काचेवर टेकतंय, एवढं तरी.

२४ नोव्हें., सोम.

आज फोन गादीवर फेकला. "माझ्या हातानं त्याचा जीवच जातो सारखा." पोरगं दहा पावलं पळालं की आपटतं. कुं.चं बोट निघतं उशिरा आणि जातं भलतीकडं. रडली नाही. रडण्याच्या अलीकडं थांबली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

ती झोपल्यावर मी फोन घेऊन दुकानात आलो. दुपारी गिऱ्हाईक नसतंच. स्टेअरिंगला आयुष्यात हात लावला नाही, तो मान ड्रायव्हरचा. पण पोरगं बऱ्यापैकी पळालं माझ्याकडून. नाणी जमली. मग कळलं की खेळातच एक दुकान आहे. नाण्यांवर चुंबक मिळतं, ते लावलं की बाजूची नाणी आपोआप पोराकडं येतात. बूट मिळतात. अंगाभोवती एक निळं कवच मिळतं, त्यानं एकदा आपटलं तरी पोरगं मरत नाही.

चुंबक घेतलं. तिला जरा बरं वाटेल एवढ्याच हिशेबानं.

२५ नोव्हें., मंगळ.

"अहो! इकडं या! बघा कुठवर गेलं!"

गेलो. बघितलं.

"हात सुटून राहिला माझा. बराबर सरकतंय बोट आता."

व्हय म्हणालो.

२ डिसें., मंगळ.

आता रोजचाच नेम झालाय. ती दुपारी झोपते, मी गल्ल्यावर बसून पोरगं पळवतो. बूट घेतले. कवच घेतलं, मग ते जास्त वेळ टिकणारं घेतलं. संध्याकाळी ती उठते, चहा पिते आणि खेळते. आकडा चढतो. माझ्या कष्टाचा आणि तिच्या बोटाचा मिळून. कुणाचा किती, ते वेगळं काढायची सोय नाही त्यात.

सुमन रोज सकाळी हार ओवता ओवता विचारते, "कुंदाताई, काल कुठवर?" ताप उतरला का असं विचारावं तसं. मग कुं. आकडा सांगते. सगळ्या गल्लीला आता हाताची तब्येत आकड्यात कळते. मीही मनातल्या मनात आकड्यावर खूश होतो. हे काही शहाणपणाचं लक्षण नाही.

१० डिसें., बुध.

हिंगोली. कुं.नं फिजिओवाल्या बाईंना फोन काढून आकडा दाखवला. त्याही कौतुकानं "अरे वा" म्हणाल्या. मग यंत्राची मूठ दिली. काटा तिथल्या तिथं.

कुं. चप्पल घालायला बाहेर गेली तेव्हा बाई मला म्हणाल्या, "काका, सरकवणं सगळं खांद्यातून होतंय. बोटं अजून काम करत नाहीत. चिमटीचा व्यायाम बंद केला का त्यांनी?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

बसमधे कुं. खिडकीशी बसली. वाटभर गुणगुणत होती. लग्नानंतर पहिल्यांदा पाळण्यात बसली होती जत्रेत, तेव्हा अशी दिसली होती.

१९ डिसें., शुक्र.

सुमन पेढे घेऊन आली. तिच्या लेकीचं, पल्लवीचं, लग्न जमलं. मुलगा वसमतचा, तिच्यासारखाच नर्सिंग शिकलेला. लग्न फेब्रुवारीत, चुडा वीस तारखेला भरायचा.

"चुडा तूच भरायचा कुंदाताई. पोरीच्या पयल्या बांगड्या तूच भरल्या व्हत्या, पाळण्यात होती तवा. जवळ्याचा मणियार विचारून गेला, मी न्हाई म्हणून सांगितलं त्याला." मग जरा थांबून, "डाव्या हातानं जमलं तरी चालंल."

कुं. उखडली. "चुडा डाव्या हातानं? सासूबाई वरून खाली येतील माझ्या." आणि उजवा हात मांडीवर पालथा ठेवून म्हणाली, "भरते की. फेब्रुवारीला अजून लई येळ हाय. रोज सुटून राहिला हात."

मी एका बाईला सुट्टे पैसे देत होतो. ते दोनदा मोजले. बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं होतं. पेढा खाल्ला.

१४ जाने., बुध.

संक्रांत. दुकानात बायांची रीघ. तीळगूळ, हळदीकुंकू आणि हात पुढं. आई असताना या दिवशी आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. आईनंतर कुं.च्या वेळीही नसायची. तिनं भरलेली बांगडी हातावर वाढायची नाही, अशी ख्याती. (फुटली म्हणायचं नाही आमच्यात. पेन थांबलं बघा लिहिताना.)

आज एक-दोन जणींनी आग्रह केला. "काकू, बघा तरी करून." कुं. म्हणाली, "न्हाई बाई, पयला मान पल्लवीचा. तिच्या चुड्यानंच हात उघडणार." बायांना ते फार आवडलं. मी ओळखलं. घाबरली आहे.

संध्याकाळी पोरगं कधी नव्हे इतकं लांब पळालं. कालच मी कवच वाढवलं होतं.

२१ जाने., बुध.

फोन बादलीत पडला. उजव्या हातातून सटकला. तांदळात ठेवून बघितला, उन्हात ठेवून बघितला. गेला.

कुं. फोनपेक्षा हाताकडं जास्त बघत होती.

२५ जाने., रवि.

वर्षा नवा फोन घेऊन आली. खेळ पुन्हा टाकला. कुं. ऐटीत बसली, पदर खोचला, वर्षाला म्हणाली, "आता बघ आईची करामत."

पोरगं पाईपला आपटलं. पुन्हा. पुन्हा ट्रकला. चौथ्यांदा गाय. नोव्हेंबरात होतं तिथंच.

"फोन बदलला," कुं. म्हणाली, "तर हात काहून बदलला?"

वर्षाला काय माहीत. सरळ बोलली, "अगं आई, एवढा आकडा चढला म्हणजे जुन्या फोनमधे अपग्रेड घेतलेले असणार तू. चुंबक, कवच, सगळं. आता पहिल्यापासून नाणी जमवून घ्यावे लागतील."

"मी कवा घेतलं चुंबक?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी बांगड्यांची दांडी नीट करत होतो. ती आधीच नीट होती.

२६ जाने., सोम.

झेंडावंदनाला गेलो, शाळेच्या पटांगणात. परत आलो तर चहा झाकून ठेवलेला. बोलणं नाही.

२७ जाने., मंगळ.

नाही.

२८ जाने., बुध.

आज दुपारी बोलली. चिडून नाही, तेच जास्त लागलं.

"मला वाटलं देव पावला. तर तुमी पावले व्हते."

मी म्हणालो, तू खचली होतीस. दहा पावलांत आपटायचं पोरगं, तू भिंतीकडं तोंड करून पडायचीस.

"मग आपटू द्यायचं व्हतं. माझं मला कळलं असतं किती पाण्यात हाय मी. दोन महिने साऱ्या गल्लीला आकडे सांगून राहिले. सुमननं मणियाराला परत धाडलं माझ्या भरवश्यावर."

म्हणालो, मी जातो सुमनकडं, सांगतो सगळं, माझ्या नावावर घेतो.

"तुमी काही सांगू नका. तुमचं सांगून झालं."

दुकानात येऊन बसलो. गिऱ्हाईक आलं तर चुकीचा खोका काढून दिला. वाईट वाटलं, फार वाईट. एसटीत होतो तेव्हा वाटेत अडलेल्या माणसाला नसलेल्या जागेत कोंबून घ्यायचो आणि पुढच्या फाट्यावर त्याचे हाल व्हायचे. सवय जात नाही माणसाची.

३१ जाने., शनि.

सकाळी कुं. पाटावर बसली आणि म्हणाली, "हात द्या इकडं."

कशाला?

"द्या म्हन्ते ना."

सगळ्यांत मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या होत्या तिनं. हिरव्या. माझा डावा हात तिच्या डाव्या हातात धरला, अंगठ्याखालचा मांसल भाग आत दाबला, आणि उजव्या हाताच्या चिमटीत बांगडी धरायला गेली. तीनदा निसटली. चौथ्यांदा चिमटीत राहिली. सांध्यापर्यंत आली, तिथं अडली. तिनं जोर केला तो खांद्यातून. कट्.

"वाढली," ती आपसूक म्हणाली. मग आम्ही दोघं एकमेकांकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. पाच दिवसांनी.

माझ्या हाताला टाके घालावे लागतील इतकं लागलं नव्हतं, पण रक्त आलं. हळद दाबली.

२ फेब्रु., सोम.

पहिली बांगडी गेली. माझ्या हातात! घामाघूम झाली, पण गेली. मग ती निघेना. साबण लावला, तेल लावलं, निघेना. तेवढ्यात गॅसवाला आला. कुं. उठेना, मीच दार उघडलं. गॅसवाल्यानं सिलेंडर आत ठेवला, माझ्या हाताकडं बघितलं, पावती दिली आणि फार अदबीनं म्हणाला, "येतो मामा."

आज संध्याकाळपर्यंत डेपोतल्या सगळ्या जुन्या मंडळींना कळलं असणार. उभ्या आयुष्यात शेकडो टारगटांना मीच म्हणालो असेन, हातात बांगड्या भरल्यात काय म्हणून.

६ फेब्रु., शुक्र.

रोज सकाळ-संध्याकाळ माझा हात हजर. कधी जाते, कधी अडते, कधी वाढते. चवळ्याही आता स्वतः काढून बसते. चेंडू ज्वारीच्या डब्यातून बाहेर आला.

खेळ सोडलेला नाही, पण आता वेगळाच प्रकार. नाणी वाटेत लखलखत असतात, ती पोराला त्यांच्याकडं नेतच नाही. मी म्हणालो, घे की, जमतील.

"न्हाई. जमले की मग चुंबक घ्या, बूट घ्या. नुसतं पळू द्या त्याला. जिथं आपटंल तिथं आपटंल."

पंधरा-वीस पावलं जातंय. कधी जास्त.

९ फेब्रु., सोम.

आज तिनं पाट उलटा केला. म्हणजे मी तिच्या जागी, ती माझ्या. "तुमी शिका."

मी? या वयात?

"मधेच अडली तर कोन हाय? एका हातानं मी दाबीन, तुमी चढवा."

वडील बांगड्या भरायचे, जवळ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायचे. वर्गातली पोरं मला हात पुढं करून चिडवायची. म्हणून तर दहावी होताच एसटीचा अर्ज भरला होता आणि या धंद्याला हात लावला नव्हता. आईनं कुं.ला शिकवलं. मला कुणी विचारलंही नाही.

तिनं उजवाच हात पुढं केला. लकव्यानं मऊ पडलाय, लहान मुलीसारखा मुडपतो. मी बांगडी लावली आणि ढकलली.

"ढकलू नका. बस न्हाई ही. फिरवत फिरवत न्या."

फिरवत नेली. सांध्यावर थांबली, मग तिची तीच पलीकडं उतरली.

लग्नाला सदतीस वर्षं झाली. तिच्या हातात बांगडी मी कधीच भरली नव्हती. आधी आई भरायची, नंतर ती स्वतःच. मला गलबलून आलं आणि ते तिला दिसलं. म्हणाली, "आता दुसरी. बसून काय राहिले."

११ फेब्रु., बुध.

हिंगोली. काटा हलला. थोडा, म्हणजे मला चष्मा लावल्यावर दिसला. फिजिओवाल्या बाई खूश. या वेळी कुं.नं त्यांना कुठलाच आकडा दाखवला नाही. बाईंनी विचारलं, काय वेगळं केलं? "ह्यांच्या हाताचे हाल," कुं. म्हणाली.

१५ फेब्रु., रवि.

महाशिवरात्र. पहाटेपासून रांग मंदिराच्या बाहेरून पार आमच्या गल्लीपर्यंत. पाणी प्यायला फुरसत नाही.

बाळापूरकडची एक म्हातारी. आईच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, दर शिवरात्रीला येणार, काचेच्याच भरणार. तिला काही माहीत नाही. ती थेट कुं.पुढं बसली आणि हात दिला. मी उठायला लागलो, कुं.नं डोळ्यांनी बसवलं.

पहिली गेली. दुसरी गेली. गल्लीतली गर्दी मला ऐकू येईनाशी झाली. तिसरी सांध्यावर अडली. कुं.नं पुन्हा फिरवली. अडली. तिच्या कपाळावर घाम. म्हातारी शांत बसून होती, म्हणाली, "सावकाश होऊ दे माय. मला कुठं बस धरायचीय." कुं.नं माझ्याकडं बघितलं. मी पुढं सरकलो. तिनं दाबलं, मी फिरवली. गेली. बाकीच्या तशाच गेल्या.

म्हातारीनं रीतीप्रमाणं नमस्कार केला. आधी कुं.ला. मग जरा विचार करून मलाही.

१७ फेब्रु., मंगळ.

कुं.नं सुमनला सगळं सांगितलं. चुंबक, कवच, माझं दुपारचं पळवणं, म्हातारीची तिसरी बांगडी. मला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून तिथंच बसून ऐकलं.

सुमन आधी माझ्यावर हसली. मग हसणं थांबलं. हार ओवत राहिली, सुई चालवत राहिली. "कुंदाताई, राग धरू नको. पण नवरीचा हात हाय. चुडा भरताना मधेच वाढली तर? सासरकडचे लोक बसलेले राहतील. जलमभर बोलतील पोरीला."

"व्हय. मलाबी तेच भ्याव हाय."

"मग मणियाराला बोलावू का?"

कुं.नं उजवा हात पदराखाली घेतला. तिचा चेहरा मला बघवेना, फुलांकडं बघत राहिलो.

पल्लवी आतून ऐकत होती. बाहेर आली. "मावशीच भरंल. वाढली तर वाढली. बांगडीनं काय होत असतं?"

"तुला काय कळतं!" सुमन ओरडली. "नर्सिंग शिकली म्हणून?"

मायलेकींचं बरंच झालं. शेवटी ठरलं ते असं: पावण्यांच्या बायांना बांगड्या भरायला जवळ्याचा मणियार येणारच आहे, तो मांडवात बसेल. पल्लवीचा हात आधी कुं.कडं. सुमन तयार झाली, पण मनातून नाही. तिची काही चूक नाही.

१९ फेब्रु., गुरु.

बांगड्या निवडल्या. कुं. एकेक कानाशी वाजवून बघते. बद्द वाजली की बाजूला. पल्लवीच्या मापाच्या आणि त्याहून अर्धा सूत मोठ्या, दोन्ही काढून ठेवल्या. मी म्हणालो, मोठ्याच भर की, सोप्या जातील.

"चुडा ढिला चालत न्हाई. हातावर बसलेला पाहिजे."

मोठ्या परत खोक्यात ठेवल्या.

तिच्या उजव्या हाताची नखं मी काढली. कापताना तिनं बोटं एकेक करून उचलून दिली. करंगळी सोडून सगळी उचलली.

२० फेब्रु., शुक्र.

सकाळचं लिहितोय. नंतर काय सुचेल सांगता येत नाही.

आंघोळ करून कुं.नं हिरवं लुगडं नेसलं, आईचं. चहा झाला. मग फोन घेतला आणि एक डाव खेळली. मी मागं उभा होतो. पोरगं ट्रक चुकवून गेलं, पाईपावरून गेलं, गायीच्या बाजूनं गेलं. नाणी सगळी तशीच रस्त्यावर. मग कशाला तरी आपटलं. ती म्हणाली, "बास," आणि फोन कपाटात ठेवून दिला.

सुमनच्या दारात हलगी वाजायला लागलीय. मणियार येऊन बसलाय, खिडकीतून त्याचा पेटारा दिसतो. उघडलेला नाही अजून.

कुं. म्हणाली, "माझ्या उजव्या अंगाला बसा. अडली तर मी तुमच्याकडं बघीन. बघितल्याबगर हात पुढं करायचा न्हाई."

आणि नाहीच बघितलंस तर?

"तर गप बसून राहायचं. मला माहीत हाय, तुमाला तेच अवघड."

खरं आहे. बोटाचं टोक जरी तिच्याआधी पुढं गेलं तरी पुन्हा चुंबकच ते. ते तिला कळेल, आणि या वेळी पल्लवीलाही कळेल, सुमनलाही, मणियारालाही.

पल्लवी स्वतःच बोलवायला आलीय. हळदीच्या अंगानं दारात उभी आहे, कुं. तिच्या केसांतून डावा हात फिरवतेय. उजव्या हातात बांगड्यांची जुडी धरलीय तिनं, दोरा बोटांभोवती गुंडाळून.

मी साबणानं हात धुतलेत. पुसलेत. मांडीवर ठेवलेत.